झारास व्रात्साम, म्हणजे येतो

बाजारात शेवंती दिसली का माहे पाय आपोआप दुसऱ्या गल्लीत वळतेत. भिलाईच्या कॅम्प-१ बाजारातली फुलवाली आता मले ओळखते. "फूल देख के काबर भागथस गा भैया?" असं थे छत्तीसगढीत इचारते, म्हणजे फूल पाहून कावून पळतं. मी म्हणतो, बाई, एका जित्या बाईले मी मसणातलं फूल देऊन आलो, तवापासून शेवंतीची अन् माही बोलचाल बंद आहे. थे हसते. तिले वाटते मी गंमत करून राहिलो. माहं असंच आहे. खरं सांगतलं तं लोक हसतेत अन् खोटं सांगतलं तं पटते.

थंडी पडली भिलाईत. सकाळी खुर्सीपारच्या गल्लीत धूर अन् धुकं असं मिसळून जाते का आपल्या चुलीचा धूर कोणता अन् प्लांटाच्या चिमणीचा कोणता, ते कोणालेच सांगता येत नाही. हातगाडीवर बोरं आली. आई उन्हात खाट टाकून मटर सोलते अन् निम्मे तोंडात टाकते. माह्या वेल्डिंगच्या दुकानात सकाळी लोखंडाले हात लावला का लोखंडच चावते. अन् हात असा चावला का मले दुसरा हिवाळा आठवते. पोलंडचा. एकच हिवाळा राह्यलो मी तिथं, पण तो अजून माह्या अंगातून उतरला नाही.

मी चौथी शिकलो. चौथी पास का नापास, ते मले बी माहीत नाही, कारण रिझल्टच्या दिवशी मी गेलोच नाही. लिहिणं मले शाळेनं नाही शिकवलं, वेल्डिंगच्या रॉडनं शिकवलं. उस्तादानं भंगारातली एक प्लेट देल्ली अन् म्हटलं, इच्यावर आपलं नाव काढ, सुधाकर. दहा दिवस लागले. 'सु' निघाला, 'धा' निघाला, 'क' जळाला. पण जे निघालं ते आजवर पुसलं नाही. असा माणूस पोलंडले गेला. एजंटनं इचारलं, इंग्रजी येते का? मी म्हटलं, येस. त्यानं इचारलं, आणखी काय येते? मी म्हटलं, येस.

समुद्राच्या काठचं लहानसं गाव होतं. जहाजाचे पत्रे जोडायचं काम. पहिल्याच दिवशी सुपरवायजरनं हातवारे करून सांगतलं का 'पानी' येऊन राहिली. मी बाटली घेऊन उभा राह्यलो. नळाकडे पाहून राहिलो. तं ऑफिसातली एक मॅडम आली, टोप्या अन् हातमोजे वाटाले. तवा समजलं का त्या मुलखात बाईले 'पानी' म्हणतेत अन् माणसाले 'पान'. मी खोलीवर येऊन तिवारीजीले म्हटलं, काय देश आहे बावा, पान बी आहे, पानी बी आहे, फक्त चुना नाही.

तिवारीजी माहा खोलीतला जोडीदार. यूपीतल्या देवरियाचा. त्याले सगळं येत होतं अन् सगळं येते हे बी येत होतं. "चुना तो एजेंट लगा चुका है," तो म्हणे.

आमच्या खोलीच्या बाजूच्या घरात एक म्हातारी एकटी राहे. तिचं नाव हालीना. म्हणजे पानी हालीना. आता सांगा. आमच्या घरी पाण्याले पानीच म्हणतेत, अन् हलत नसलं तं म्हणतेत हालेना. मी जवा जवा तिले हाक मारो, मले वाटे का मी तळ्याची तक्रार करून राहिलो.

तिच्या फाटकाचा एक कब्जा, म्हणजे बिजागरी, तुटला होता. फाटक वाऱ्यानं रात्रंदिवस कुई कुई करे. वेल्डरले तुटलेला कब्जा दिसला का त्याले खाज सुटते. एका रविवारी मी गेलो, तार-हातोडी घेऊन ठोकठाक केली. म्हातारी दारात येऊन उभी. मी हातानं इचारलं, आत येऊन हात धुऊ का? थे म्हणे, "नो, नो." मी म्हटलं ठीक आहे बाई, काम करून घेतलं अन् दारातूनच वाटे लावलं, आमच्या तिकडं बी असे लोक हायेत. मी निघालो. तं म्हातारी हातात पळी घेऊन माह्या मागं. "नो! नो!" करत ओढून आत घेऊन गेली. त्यायच्या भाषेत 'नो' म्हणजे हो असते. कोणत्या कंजूस माणसानं ही भाषा बनवली कोण जाणे. पूर्ण महिना मी त्या मुलखात 'नो' ऐकून परत फिरत होतो. किती जणायनं मले किती काय देऊ केलं असन, देवाले माहीत.

आत जाताना जोडे काढा लागतेत तिथं. आपल्यासारखंच. मले बरं वाटलं अन् मंग लगेच वाईट वाटलं, कारण माह्या मोज्यातून दोन्ही अंगठे बाहेर होते, जसे दोन पोट्टे खिडकीतून वरात पाहतेत. म्हातारीनं अंगठे पाह्यले. जेवाले वाढलं. पांढरं, आंबट, पातळ, राय नावाच्या तिकडच्या धान्याच्या पिठाचं आंबवून केलेलं सूप. तोंडात घातलं अन् मी थांबलो. हे तं आंबील आहे! माह्या आजीच्या भंडाऱ्याकडची आंबील, इथं समुद्राच्या काठी बशीत बसून काय करून राहिली? मी तीन बश्या पेलो, सहा पाव खाल्ले, ढेकर देला, हात जोडले. तवा थे उठली अन् खरं जेवण घेऊन आली. सूप तं फक्त दार उघडणं असते तिथं. मी दारातच पोट भरून बसलो होतो. पण नाही म्हणाले मले त्यायच्या भाषेत येत नव्हतं, 'नो' म्हटलं तं आणखी वाढतेत. तेही खाल्लं.

पुढच्या रविवारी दाराशी माह्या मापाची घरातली चप्पल ठेवली होती. तपकिरी, चौकड्याची, नवी. त्या मुलखात माह्या नावाची एवढीच जागा होती. दोन पायांएवढी.

आता शेवंती. दिवाळी आली अन् त्याच आठवड्यात गावातल्या दुकानायसमोर शेवंतीच शेवंती. पिवळी, पांढरी, कुंड्याच्या कुंड्या. मले भरून आलं. म्हटलं, पाह्यलं का, इतक्या दूर येऊन बी दिवाळीचं फूल आपल्याले शोधत आलं. दोन कुंड्या घेतल्या, दाराच्या दोन बाजूले दोन. म्हातारीच्या दारात ठेवल्या, घंटी वाजवली अन् दात काढून उभा राह्यलो. तिनं दार उघडलं, कुंड्या पाह्यल्या अन् छातीवर क्रूस काढला.

शेवंती तिथं मेलेल्या माणसाले वाहतेत, अन् तो आठवडाच त्यायच्या मेलेल्यायच्या सणाचा होता. अन् दोन, चार असे जोडीनं फूल बी मेलेल्यालेच देतेत. म्हणजे मी तिले एकदा नाही, दोनदा मारलं होतं.

पण म्हातारी मजबूत. तिनं कोट घातला, एक कुंडी माह्या हातात देल्ली, एक स्वतः घेतली, अन् मले पायी पायी कब्रस्तानात घेऊन गेली. तिच्या नवऱ्याच्या कबरीवर आम्ही दोन्ही कुंड्या ठेवल्या. तिकडं दुपारी चार वाजताच अंधार पडते. मी मान वर केली अन् पाहतच राह्यलो. पूर्ण कब्रस्तानात दिवे. हजारो. लाल, पिवळे, काचेच्या झाकणातले. लहान लेकरं हात धरून हिंडून राहिले, म्हाताऱ्या बाया कबरीचा दगड पुसून राहिल्या, जशा आपल्या बाया देव्हारा पुसतेत. कोणी रडून राहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, दिवाळी तं हेच आहे, फक्त गल्ली वेगळी आहे. म्हातारीनं खिशातून एक दिवा काढला अन् मले लावाले सांगतला. मी कोणासाठी लावू? मी बाबासाठी लावला. भिलाईच्या प्लांटात ठेकेदारीवर आयुष्य काढलेल्या माणसाचा दिवा पोलंडात जळला. त्याले पासपोर्ट बी नाही लागला.

बाबा शिफ्टले निघाले का म्हणत, "येतो." जातो कधीच नाही. आमच्या घरात जातो म्हणाची बंदीच होती. मी सात वर्षांचा असताना दप्तर घेऊन दारातून ओरडलो, "माय वो, मी जातो!" आईनं तिथूनच हाक मारली, "इकडं ये भोकन्या." परत आणलं, पाटावर बसवलं, पानी पाजलं, म्हणे, "जातो मेलेलं माणूस म्हणते. आता निंग पुन्हा, अन् बरोबर म्हण." मी पुन्हा निघालो, येतो म्हटलं. शाळेत उशीर झाला, मास्तरनं ठोकलं. माही शाळा सुटली त्यात या शब्दाचा बी हात आहे असं मी आईले अजून ऐकवतो.

पण भिलाईत मराठी घराच्या उंबरठ्याच्या आतच राहते. बाहेर पाय ठेवला का हिंदी. तिकडं पोलंडात तं उंबरठाच नव्हता. खोलीत तिवारीजी, बाकीचे दोन नेपाळचे, कामावर हातवारे. दिवसभरात माह्या तोंडून मराठी निघे ते एकदाच, खोलीतून निघताना. येतो. कोणाले समजत नव्हतं, मी तरी म्हणो. भिंतीले म्हणो. पूर्ण मराठीतलं तेवढंच एक बटन शिल्लक राह्यलं होतं माह्या शर्टाले, अन् ते मी तुटू देणार नव्हतो.

अन् एक दिवस कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाले कुलूप दिसलं अन् काचेवर पाटी टांगलेली. मी तिवारीजीले इचारलं, काय लिहिलं हो? त्यानं फोन धरला पाटीसमोर. "लिखा है, अभी वापस आता हूँ. झारास व्रात्साम."

मी रस्त्यात नाचलो. म्हणजे अर्धवट बर्फात घसरलो, पण सुरुवात नाचण्याचीच होती. अरे, हे लोक बी येतो म्हणतेत! म्हणतेत काय, लिहून दाराले टांगतेत! माह्या आईनं हे दुकान पाह्यलं असतं तं हळद-कुंकू लावलं असतं.

तवापासून मी त्या मुलखात कोणाचा बी निरोप घेताना म्हणो, झारास व्रात्साम. पानी हालीनाच्या घरून रविवारी जेवून निघालो, चप्पल काढली, जोडे घातले, हात जोडले, "झारास व्रात्साम." थे म्हणे, "नो." मी खूश. खोलीवर येऊन पोट वर करून झोपलो.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मी घंटी वाजवली तं पडदा हलला. दार नाही उघडलं. पुन्हा वाजवली. पडदा बी हलाचा बंद झाला.

मी फाटकापाशी उभा राह्यलो. माहा कब्जा, माही ठोकठाक, अन् मीच बाहेर. आपली सवय आहे, पहिले आपली चूक शोधाची. ढेकर जास्त मोठा देला का? सहा पाव जास्त झाले का? शेवंतीचा राग आता आला का? अर्धा तास मी त्या थंडीत स्वतःचीच चौकशी केली. पूर्ण देशात एकच दार माह्यासाठी उघडत होतं. ते बंद झालं तं राह्यलं काय? तिवारीजी. त्याच्यापेक्षा बर्फ बरा.

संध्याकाळी तिची पोरगी आली, एवा. शेजारच्या शहरात नर्स होती. सरळ आमच्या खोलीत आली अन् फोन समोर धरला. थे तिच्या भाषेत बोले अन् फोनातली बाई हिंदीत सांगे. ती फोनातली बाई आकाशवाणीवर कामाले होती असं वाटे.

"आप मेरी माता से असत्य बोलते हैं," फोन म्हणे.

तिवारीजी उठून बसला. त्याले मजा आली.

समजलं ते असं. मी 'आत्ता येतो' म्हणून निघो. म्हातारी खरंच वाट पाहे. माह्यासाठी केक कापाचा ठेवे, चहाचं पानी गॅसवर ठेवे, खिडकीत बसे. दर रविवारी दुपारी थे बसनं बहिणीकडे जात होती, आजारी बहीण. तीन रविवार थे कोट घालून खिडकीत बसून राह्यली अन् तिन्ही वेळा बस सुटली. इकडं मी झोपलो होतो. पोट वर करून.

मी एवासमोर हात जोडले.

मी फोनले म्हटलं, हिंदीत, "हमारे यहाँ जाने वाला आता है बोलता है." फोननं ते काय करून सांगतलं देव जाणे, एवा माह्याकडे अशी पाहे जशी इमर्जन्सीत आलेल्या पेशंटकडे पाहतेत. मी पुन्हा सांगतलं. जो जाते तो येते. जो जातो म्हणते तो मरते. फोननं ते सांगतलं अन् एवा एक पाऊल मागं सरकली.

शेवटी थे शांतपणे बोलली. फोन म्हणे, "कृपया दूसरा शब्द बोलिए. अलविदा बोलिए. ताकि माता प्रतीक्षा न करें."

"बोल दे न भाई," तिवारीजी म्हणे. "दो शब्द हैं. टाटा बोल. बाय बोल. तेरे बाप का क्या जाता है?"

हाच प्रश्न चुकीचा इचारला त्यानं. माह्या बापाचंच जात होतं.

"नाही," मी म्हटलं. मराठीत. फोन गोंधळून चुप बसला. "शब्द नाही बदलणार. पाय बदलीन."

एवा गेली. तिवारीजी म्हणे, "अनपढ़ आदमी की यही दिक्कत है. एक शब्द आता है, उसी पे अड़ जाता है." बरोबर बोलला तो. ज्याच्यापाशी दहा शब्द असतेत तो एक सोडू शकते. माह्यापाशी एकच होता.

पुढच्या रविवारी मी सकाळीच गेलो. घंटी नाही वाजवली. फाटकाच्या दुसऱ्या कब्ज्याले तेल देत बसलो. बारीक बर्फ पडत होता, माह्या टोपीवर, मिशीवर. तासाभरानं दार बोटभर उघडलं. मंग हातभर. मंग चप्पल बाहेर आली, एकेक करून, पायानं सरकवलेली. राग होता, पण चप्पल सरळ ठेवलेली होती.

जेवलो. मी उठलो, जोडे घातले, हात जोडले अन् तिच्या डोळ्यात पाहून म्हटलं, "झारास व्रात्साम." तिनं तोंड फिरवलं.

मी फाटकाच्या बाहेर गेलो. कचऱ्याच्या डब्ब्याले एक चक्कर मारली. परत आलो. घंटी वाजवली.

"आलो," मी म्हटलं.

थे पाहतच राह्यली. आत घेतलं, चहा देल्ला. चहा पेलो. आता निघाचं. अन् तवा मले समजलं का मी केवढा मोठा गाढव आहे. दुसऱ्यांदा निघताना काय म्हणू? दुसरा शब्द तं मी घेणार नव्हतो. म्हणजे पुन्हा येतोच म्हणा लागते. अन् येतो म्हटलं का या लागते.

"झारास व्रात्साम."

डब्ब्याले चक्कर. घंटी. आलो. केक. "झारास व्रात्साम." डब्बा. घंटी. आलो. जोडे काढा, चप्पल घाला, चप्पल काढा, जोडे घाला. समोरच्या घरातला एक म्हातारा पान खिडकी उघडून बसला, कोणी तिकीट लावलं असतं तं त्यानं घेतलं असतं. चौथ्या वेळी मी आलो तवा माह्या मिशीले बर्फ अन् डोळ्याले पानी. मी म्हटलं, "पानी हालीना, मले माफ करा, पण मले थांबताच येऊन नाही राहिलं."

तिले मराठी काय समजन. पण थे हसाले लागली. आधी नाकातल्या नाकात, मंग पोट धरून, मंग भिंतीले टेकून. मले दोन्ही हातानं ढकलत फाटकापर्यंत घेऊन आली. माह्या छातीवर बोट ठेवलं, मंग तिकडं लांब, गावाच्या बाहेर, आभाळाकडं बोट दाखवलं, अन् मंग ते बोट हळूहळू फिरवत आपल्या दारापाशी आणलं. आज नाही. कवातरी. हे का?

"नो!" मी ओरडलो. "नो, नो, नो!"

त्या दिवशी थे बसमध्ये बसली. मी स्टॉपवर उभा होतो. बस सुटली तवा काचेतून तिचे ओठ हलले. आवाज नाही आला, पण शब्द मी ओळखला. आपलं पोरगं गर्दीत बी ओळखू येते.

मंग त्यायचा मोठा सण आला, नाताळची आदली संध्याकाळ. मले बोलावणं होतं. टेबलावर पांढरी चादर, एवा, तिचा नवरा, म्हातारी, अन् ताटं पाच. माणसं मोजली, माह्यासकट चार. पाचव्या ताटावर कोणी नाही. मले लगेच समजलं. आपल्यात नाही का पितराचं ताट वाढतेत, तसं हे नवऱ्याचं ताट. मी हात जोडून त्या रिकाम्या खुर्चीले नमस्कार केला. अन् म्हातारी मले हाताले धरून त्याच खुर्चीवर बसवाले लागली. मी माहं समजत होतो त्या चौथ्या ताटावर तं एवाचा सासरा बसणार होता, तो गाडी लावून येत होता.

मी उठून उभा. मेल्या माणसाच्या ताटावर मले कावून बसवता? शेवंतीचा बदला घेता का?

एवानं फोन काढला. फोनातली बाई म्हणे, "यह थाली उस अतिथि की है, जो आया नहीं है, परंतु आ सकता है."

दर घरी असते म्हणे असं ताट. दर वर्षी. कोणी येवो न येवो. मी बसलो. आमचा येतो जिभेवर असते, त्यायचा ताटात. एकानं म्हणाचं अन् दुसऱ्यानं वाढून ठेवाचं. एवढं सोपं होतं, अन् त्याच्यासाठी मी डब्ब्याले चार चकरा मारल्या.

बर्फ वितळाच्या आत काम संपलं. कंपनीनं सांगतलं, परवाचं विमान. तिवारीजी त्या दिवशी थट्टेत नव्हता. म्हणे, "सुधाकर, अब तो सच बोल के जा. बुढ़िया है. कौन लौटता है यार?" एवा बी दारातच भेटली अन् तेच म्हणाली, फोन न काढता, नुसत्या डोळ्यानं. मले माहीत होतं, थे दोघं बरोबर होते. भाडं माहीत होतं, व्हिसा माहीत होता, माही चौथी माहीत होती. शहाण्या माणसानं अलविदा म्हटलं असतं. म्हणून तं बरं झालं मी शिकलो नाही.

चप्पल काढली. जोडे घातले. म्हटलं, "झारास व्रात्साम."

म्हातारी खाली वाकली, गुडघ्यावर हात ठेवून, कशीबशी. माही चप्पल उचलली. मले वाटलं, आता कपाटात ठेवते. तिनं ती फिरवली अन् दाराशी परत ठेवली, टोकं घराच्या आत करून. येणाऱ्याच्या पायाले सोपी जावी अशी.

त्याले चार हिवाळे झाले. खुर्सीपारात लोक मले 'झारास' म्हणून हाक मारतेत. गिऱ्हाईक खिडकीची जाळी टाकून जाते अन् म्हणते, "कब मिलेगी झारास भाई? आज, कि पोलंड वाली आज?" म्हणा. मागच्या वर्षी व्हिसाचा अर्ज टाकला होता, नाही म्हणून परत आला. यंदा पुन्हा टाकला. दुर्गच्या एजंटनं इचारलं, जाण्याचं कारण? मी म्हटलं, लिहा, जेवाले. तो हसला. मी नाही हसलो. माहं ताट वाढलेलं आहे साहेब, कारण आणखी कायचं असते? यंदा नाही म्हणतीन तं पुढच्या वर्षी टाकीन. त्यायच्याकडं शिक्का आहे, माह्याकडं आई आहे. तिनं शिकवलेलं पुसाले अजून शिक्का निघाला नाही.

काल दुपारी दुकानात एक प्लेट घेतली, रॉड लावला, अन् तिच्यावर लिहिलं, येतो. दोनच अक्षरं. एक बी जळालं नाही. खडूनं लिहिलं तं पुसते, रंगानं लिहिलं तं उडते. हे काढाचं असन तं ग्राइंडर लागते. शटरवर टांगाले पाटी. त्या पावाच्या दुकानावर बी कवा येतो ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी बी नाही लिहिलं.

प्लेट थंडी झाल्यावर फोटो एवाले पाठवला. तिचा लगेच फोन आला, तोंड दिसते तो वाला. काय लिहिलं, थे इचारे. मी सांगतलं. एवानं फोन तिकडं फिरवला. म्हातारी खिडकीत बसली होती, आणखी लहान झालेली, कानात मशीन. एवानं जोरात सांगतलं तिले. मी इकडं खाटेवर, बाजूले आई मटर सोलत, बायको रंजना पदराले हात पुसत खांद्यावरून डोकावून राहिली. पडद्यात म्हातारी पुढं झुकली, एवढं मोठं नाक दिसलं, अन् थे भांडण केल्यासारखी ओरडली,

"नो!"

रंजनाचं तोंड उतरलं. "अजी, थे तं नाही म्हणून राहिली."

"नाही वो," मी म्हटलं. "हो म्हणून राहिली."